उंटकटारीला आवतण

फुलं नसली तर उंटकटारी आणि पिवळा धोत्रा यांत फरक करणं वाटतं तितकं सोपं नाही. फुलावर आली की शेंबडं पोरही सांगेल. धोत्र्याचं फूल पिवळंधमक, पातळ पाकळ्यांचं, आणि उंटकटारीचा निळसर पांढरा काटेरी चेंडू. पण त्याआधी दोघीही जमिनीलगत हातपाय पसरून बसलेल्या असतात. दोघींची पानं फाटकीतुटकी, कडेकडेनं काटे, आणि बसायची जागाही एकच, बांधावर नाहीतर रस्त्याकडेला, मांडीला मांडी लावून. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना भ्याले, उगाचही भ्याले, पण या दोन झाडांपायी जशी भ्याले तशी पुन्हा कधी नाही.

तेव्हा मी सोलापूरच्या कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव कुंभारीच्या पुढं, अक्कलकोट रस्त्यापासून थोडं आत. रोज एस.टी.नं जायचं, एस.टी.नं यायचं, आणि मधल्या वेळात गावातली पहिली सायन्सवाली पोरगी म्हणून मिरवायचं. मिरवायला फारसं काही नव्हतं. बेडूक कापताना मला घेरी यायची आणि वनस्पतींची लॅटिन नावं संध्याकाळपर्यंत टिकायची नाहीत.

माझी थोरली बहीण, अक्का, बाळंतपणाला माहेरी आली होती. दुसरी खेप. पहिली खेपही आमच्याच घरी झाली होती, बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, आणि ते मूल रडलंच नाही. मुलगा होता. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वडिलांनी त्याला नेलं, तेव्हा घरात कुणी कुणाकडं बघत नव्हतं. त्यानंतर ज्यानं त्यानं आपापलं कारण धरून ठेवलं. अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणायची, ग्रहण पाळलं नाही नीट. अक्काच्या सासूनं सरळ अक्कालाच धरलं. आणि अक्का म्हणायची, मी विहिरीवरून भरलेली घागर उचलली, माझ्या कमरेत चमक भरली, मीच मारला त्याला. दोन वर्षं ती हे म्हणत होती. आता पोट पुढं आल्यावर तर पाण्याचा तांब्यासुद्धा दोन्ही हातांनी, श्वास धरून उचलायची. 

आत्याचं कारण वेगळं होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत, आणि स्वभाव असा की म्हशीनंही तिच्या परवानगीशिवाय रवंथ करू नये. गावात कुणी अडलं की आत्याला बोलावणं यायचं. सुईण ती नव्हती, पण सुईणीच्या आधी आत्या लागायची, कारण उंटकटारीची मुळी आत्याच आणायची. मुळीचा तुकडा बाळंतिणीच्या केसांत बांधायचा आणि उरलेली सहाणेवर उगाळून कोमट पाण्यातून पाजायची, म्हणजे सुटका लवकर होते. मूल बाहेर आलं की त्याच क्षणी केसांतली मुळी सोडायची, नाहीतर मागं आणखी काही ओढून आणते, असं म्हणत.

पण ही मुळी अशी जाऊन उपटायची नसते. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला झाडाला हळदकुंकू वाहून, तांदूळ ठेवून, उद्या आमच्या घरी ये असं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हालेल्या कुमारिकेनं जायचं, झाडावर आपली सावली पडू द्यायची नाही, लोखंड लावायचं नाही, लाकडी खुंटीनं उकरायचं. पाला तिथंच ठेवून नुसती मुळी आणायची. आवतण दिल्यापासून मुळी उंबऱ्याच्या आत येईपर्यंत त्या झाडाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि फुलावर आलेलं झाड घ्यायचं नाही, कारण मुळीतला जीव फुलात गेलेला असतो.

पहिल्या खेपेला अक्काच्या कळा अवेळी सुरू झाल्या. आत्या एकटीच धावत गेली आणि जशी हाताला लागली तशी मुळी उपटून घेऊन आली. ना आवतण, ना हळदकुंकू, ना कुमारिका. "बिनआवतणाचा पाव्हणा कसा वागंल?" ती म्हणायची. "माझं चुकलं. ते पोर माझ्या घाईनं गेलं." या खेपेला ती सगळं रीतीनं करणार होती.

मी या भानगडीत पडणार नव्हते. दवाखान्याच्या नर्सबाई आठवड्याला येऊन तपासून जात होत्या, सगळं ठीक आहे म्हणत होत्या, आणि कळा लांबल्या तर सोलापूरला न्यायचं असं वडिलांनी जीपवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. पण घरात कुमारिका एकच होती. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर, मुळीनं काही होत नसलं तरी आत्याला धीर येईल, आत्याला आला की अक्काला येईल, असा हिशेब मी मनाशी केला होता.

नर्सबाईंनी आता कधीही होईल म्हणून सांगितलं त्या संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. आत्याची ठरलेली जागा होती, जुन्या गाडीवाटेच्या वळणावर. तिथं वर्षानुवर्षं उंटकटारी यायची. दुष्काळात मात्र त्याच वळणावर रस्त्याचं काम निघालं होतं. सगळं गाव तिथं खडी फोडायला होतं. माती उलटीपालटी झाली, भराव पडला, आणि नव्या मातीत काय काय उगवलं ते आत्यानं बघितलं नव्हतं. बघायला तिचे डोळेही राहिले नव्हते. तिच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदूचा पडदा, आला होता. सुईत दोरा ओवायला ती आम्हाला द्यायची आणि वर आम्हालाच रागवायची, की आजकालच्या सुयांना भोकंच नीट नसतात.

ती वाकली, हातानं चाचपडली, बोटाला काटा टोचल्यावर समाधानानं हुंकारली. "हीच. टोचण्यावरनं वळखतीय की मी." झाडाला फूल नव्हतं. तिनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चार तांदूळ ठेवले आणि हात जोडले. "उद्या सकाळी आमच्या घरला ये गं बाई. लेकीला मोकळं कर आन् जा."

उजेड जवळजवळ गेला होता. मला त्या पानावरच्या शिरा पांढुरक्या दिसल्यासारख्या वाटल्या. मी म्हणाले, "आत्या, हे..."

"सुम्मनिर!" आत्या फिसकारली. कानडीत गप्प बस. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढतच घराकडं वळवलं.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चक्र सुरू होतं. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, पिवळ्या धोत्र्याचं बी मोहरीसारखं दिसतं, खायच्या तेलात त्याची भेसळ झाली तर पायांवर सूज येते आणि माणूस दगावतोसुद्धा. बियांचं सांगितलं होतं. मुळीबद्दल ते काही बोलले नव्हते आणि मी विचारलं नव्हतं. मुळी विषारी असते की नसते? उगाळून घोटभर प्यायली तर? पोटात मूल असताना प्यायली तर? पुस्तक काढून बसले. पुस्तकात फुलाचं चित्र होतं, फळाचं होतं, बिनफुलाच्या झाडाचं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी कुणी अडलेलं नसणार. जेवताना अव्वानं विचारलं, तोंड का उतरलंय, तर मी डोकं दुखतंय म्हणाले, कारण झाडाबद्दल बोलायचं नव्हतं. शिकलेल्या मुलीनं असलं पाळावं याचा मला रागही येत होता, आणि मोडायची हिंमतही होत नव्हती. न जाणो, मी बोलले आणि काही झालं तर?

सकाळी उठले तर अक्काच्या कळा सुरू झाल्या होत्या. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत बसली होती. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांनीच खुंटी घेऊन निघाले.

वळणावर पोचले तेव्हा ऊन नुकतंच वर येत होतं. झाडावर कुंकू तसंच होतं, तांदूळ मुंग्यांनी नेले होते. सावली पडू नये म्हणून मी पश्चिमेच्या अंगानं बसले. पानावर शिरांच्या कडेनं पांढरे पट्टे होते, उघड दिसत होते. तरी मी स्वतःला म्हणाले, उजेडाचा खेळ असेल. पान उलटं केलं. उंटकटारीचं पान खालून पांढरं, लोकरीसारखं असतं. हे खालूनही निळसर हिरवंच होतं, गुळगुळीत. मग मी देठ मोडला.

पिवळं दूध आलं, आणि माझ्या बोटांवरून ओघळलं.

मी तशीच बसून राहिले.  आत्यानं आवतण दिलं होतं ते धोत्र्याला. घरी अक्का कळा देत होती, सहाण धुऊन ठेवलेली होती. रिकाम्या हातानं जावं तर आत्याचं अवसान जाईल, तिचं गेलं की अक्काचं जाईल, आणि अक्का तर आधीच घागरीच्या आठवणीनं अर्धी झालेली. ही मुळी न्यावी तर? ते मनातही आणवत नव्हतं. मी उठून बांधाबांधानं शोधायला लागले. जिकडं तिकडं धोत्राच धोत्रा. प्रत्येक झाडाचा देठ मोडायचा, पिवळं निघालं की पुढं. एकदोन झाडांची पानं खालून पांढरी वाटली, पण माझा आता माझ्याच डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता.

शेवटी शाळूच्या रानाच्या कडेला एक उंटकटारी दिसली. तिच्यावर तीन निळे चेंडू होते. फुलावर आलेली, म्हणजे आत्याच्या लेखी निकामी, आणि वर बिनआवतणाची. पण माझी खात्री पटेल असं त्या सगळ्या रानात तेवढं एकच झाड होतं. देठ मोडला, दूध नाही. पान उलटलं, खाली पांढरी लव. मी हात जोडले, "आत्ताच आवतण देते, रागवू नकोस," असं मनातल्या मनात म्हणाले आणि उकरायला लागले. मुळी खोल गेलेली, जमीन कडक. खुंटी मोडली. मग दगडानं उकरलं. काट्यांनी मनगटं रक्ताळली. वाटेत एका म्हातारबुवांनी विचारलं, "का गं पोरी, कुटं गेलतीस एवढ्या सकाळी?" मी मान हलवून पुढं सटकले. त्यांनी मागून माझ्या शिक्षणाचा उद्धार केला.

आत्यानं मुळी हातात घेतली, चाचपली.  "लई जून हाय," ती म्हणाली, आणि उगाळायला बसली. तिनं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. त्या घटकेला अक्कापुढं सांगण्यासारखं ते नव्हतंच.

बाळंतिणीच्या खोलीत मला मज्जाव होता. मी सोप्यात बसून होते. आतून अक्काचं कण्हणं ऐकू यायचं, नर्सबाईंचा आवाज यायचा, सुईणीच्या बांगड्या वाजायच्या. मी दारातून आत्याला अक्काच्या तोंडाला वाटी लावताना बघितलं आणि तेव्हापासून मनात एकच घोकत होते. नक्की उंटकटारीच ना? चेंडू निळेच होते ना? आणि उंटकटारी तरी निर्धोक कशावरून? ते तर सरांनीही सांगितलं नव्हतं. एकदा आतलं सगळं शांत झालं.  त्या वेळी मी काय काय कबूल केलं देवाला, ते सांगत नाही, कारण त्यातलं पुढं काहीच पाळलं नाही.

मग बाळ रडलं. मोठ्यानं, चिडून, आपल्याला कुणी विचारल्याशिवाय बाहेर का काढलं अशा सुरात. मुलगी झाली होती. अव्वा बाहेर येऊन खांबाला धरून रडली. आत्या अक्काच्या केसांतली मुळी सोडून बाहेर आली, तिचा चेहरा वीस वर्षांनी लहान झाला होता. "बघितलंस?" ती मला म्हणाली. "आवतण दिलं की कसं गुमान येतंय ते. मागच्या खेपेला एवढंच चुकलं हुतं माझं."

 ते तसंच राहिलं असतं, आणि मी राहू दिलं असतं. पण पाचवीच्या दिवशी वरच्या आळीतली एक बाई आली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "आत्याबाई, तुमच्या हाताला यश हाय. आमच्या पोरीलाबी मुळी आणा की." आत्या म्हणाली, "आज सांजेला आवतण देऊन येते. तुजी धाकटी लेक दे सकाळी, उपटायला."

 सांजेला आत्या निघाली तेव्हा मी तिच्यासोबत गेले. वळणावर आल्यावर ती वाकायच्या आत मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. पांढऱ्या शिरा, पिवळं दूध, शाळूच्या रानातली फुलावर आलेली उंटकटारी, सगळं. आधी ती चिडली. "मला शिकवतीस? मी टोचण्यावरनं वळखते." मी तिथलाच एक देठ मोडला आणि ते दूध तिच्या बोटांवर पुसलं. तिनं हात डोळ्यांशी नेला, अगदी नाकापर्यंत, आणि उजेडाकडं वळून बराच वेळ बघत राहिली.

"हळदीगत हाय," ती म्हणाली.

"व्हय. धोत्र्याचं दूध हाय ते."

ती बांधावर बसली. मला वाटलं, आवतण वाया गेलं म्हणून वाईट वाटलं असेल. पण ती बोलली ते वेगळंच.

"त्या खेपेला माझी बोटं अशीच पिवळी झाली हुती. तुज्या अव्वानं पाणी वतलं तरी जाईनात. मला वाटलं, हळद लागली." ती थांबली. "आन् हळद तर मी नेलीच न्हवती की त्या दिवशी."

मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "तू शिकलेली हाईस. सांग मला. त्यानं पोर जातंय का?"

"मला म्हाईत न्हाय, आत्या." ते खरं होतं. आजही खरं आहे. पुढं मी दोघातिघा डॉक्टरांना विचारलं. एवढंसं उगाळून प्यायल्यानं असं होईलसं वाटत नाही, असं एक म्हणाले. दुसरे म्हणाले, सांगता येत नाही. मूल आधीच पोटात गेलेलं असेल, असंही असू शकतं. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माझ्यापाशी नव्हतं.

"थोरलीला म्हाईत हाय का हे?" तिनं विचारलं.

"न्हाय. कुणालाच न्हाय."

ती उठली आणि घराकडं चालायला लागली, मला मागं टाकून. मी पळत तिला गाठलं. विनवलं, आत्ता नको, ओली बाळंतीण आहे, धसका घेईल, दूध आटेल. मला आत्याचीही भीती वाटत होती. आमच्या घराशिवाय तिला घर नव्हतं, आणि ज्या पोरीला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं ती उद्या तिचं तोंड बघायची नाही म्हणाली तर ती कुठं जाणार होती? आत्यानं माझं काही ऐकलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "दोन वर्षं झाली, पोरगी पाण्याचा तांब्या भिऊन उचलतीय."

अक्का खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. खाली शेगडी, ओव्याचा धूर, मांडीवर बाळ. आत्या उंबऱ्यातच उभी राहिली, आत गेली नाही. तिथूनच तिनं सांगितलं, एका दमात, काही झाकलं नाही, रडलीही नाही. शेवटी म्हणाली, "घागरीनं न्हाय झालं गं. तू काय केलं न्हाईस. झालं असंल तर माझ्या हातानं झालंय."

 अक्कानं खाली बाळाकडं बघितलं, मग आत्याकडं, मग पुन्हा बाळाकडं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. शेगडीतला निखारा तडतडला. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती.

"आत्या," ती म्हणाली, "जरा धर की हिला. माझा हात अवघडलाय."

आत्या हललीच नाही. मग म्हणाली, "हात धुऊन येते." ती न्हाणीत गेली. कितीतरी वेळ ती तिथं राखेनं बोटं घासत होती. अक्का तोवर बाळाला दोन्ही हातांवर पुढं धरून तशीच बसली होती.